ट्रॅव्हलरच्या टपावर सोलर: भोकं पाडायची की चिकटवायचं? (नाशिक)

गोदाकाठ, १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली. आधी ती अंबडला कामगारांची ने-आण करायची. आतलं काम उरकत आलंय: दोन पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. आता टपावर सोलर बसवायचं आहे आणि तिथेच गाडं अडलंय.

आधी कशासाठी ते सांगतो. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले तेव्हापासून आई-बाबांच्या मनात नर्मदा परिक्रमा आहे. पायी आता झेपणार नाही. चातुर्मास संपला की दिवाळीनंतर गाडीनं निघायचं आणि घाई न करता महिनाभरात पूर्ण करायची, असं ठरलंय. आई रोज इन्सुलिन घेते. चालू कुपी बाहेर राहिली तरी चालते, पण महिन्याभराचा साठा २ ते ८ अंशांतच ठेवावा लागतो. त्यासाठी १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा कंप्रेसर फ्रीज घेतलाय. तो रात्री बंद पडला, असं एकदाही होऊन चालणार नाही. बाकी दिवे, पंखा, मोबाइल यांचं थोडं मागेपुढे झालं तर निभावेल.

प्रश्न दोन. मित्राकडे घरावरच्या कामातून उरलेलं ५४० वॉटचं एक पॅनेल आहे, तो अगदी कमी पैशांत द्यायला तयार आहे. ते एकच लावू, की १८० वॉटची दोन छोटी घेऊ? दुसरा प्रश्न बसवण्याचा. एक कारागीर म्हणतो, "भोकं पाडू, वरून सिलिकॉन मारू, तासाभराचं काम." दुसरा म्हणतो, "टपाला भोक पाडलं की गाडी संपली, चिकटवून टाका." दोघंही अनुभवी आहेत. कोणाचं ऐकू?

कसाराउतार, १२ एप्रिल

दोन्ही चुका माझ्या करून झाल्यात, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा पत्र्यात सरळ स्क्रू मारून घेतले आणि डोक्यांवर सिलिकॉन. उन्हाळाभर काही कळलं नाही. जुलैत इगतपुरीला दोन दिवस मुक्काम केला. तिथला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. गळती थेंबाथेंबानं दिसली असती तर बरं झालं असतं. पाणी छताच्या अस्तरात मुरत राहिलं आणि गणपतीच्या सुमारास प्लायला कुबट वास यायला लागला. अस्तर उघडलं तेव्हा प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा गंज होता.

मग भोकं बुजवली आणि वाकणारं पातळ पॅनेल दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं लावलं. ते कसारा घाटात सुटलं. समोरून ट्रक गेला की शिट्टीसारखा आवाज यायचा, मला वाटलं खिडकीचं रबर असेल. खाली उतरून बघतो तर पुढची कड हातभर उचललेली. मागे दुचाकीवर नवरा-बायको आणि लहान मूल होतं. ते पॅनेल उडून गेलं असतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्यामुळे एकच सांगणं: पॅनेल कोणतं घ्यायचं ते नंतर बघा. आधी टप बघा.

तारायंत्र, १३ एप्रिल

मी इलेक्ट्रिकलमध्ये काम करते, तेव्हा विजेच्या बाजूनं लिहिते. टपाचं जाणकार सांगतील.

आधी गरज मोजू. फ्रीज साधारण ४५ वॉटचा धरा, कंप्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे दिवसाला ५४० वॉट-तास. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप आणि थोडा पंखा मिळून आणखी २०० धरले तर साडेसातशेच्या आसपास.

आता मिळकत. तुम्ही डिसेंबरच्या तोंडावर निघणार आणि पॅनेल टपावर आडवं असणार. नाशिक २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आडवं पॅनेल उत्तम चालतं. डिसेंबरच्या शेवटी मात्र भरदुपारीही तो क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर असतो, आणि नर्मदेकाठी आणखी थोडा खाली. आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा साधारण पाऊण हिस्साच पडतो. म्हणून हिवाळ्याचा हिशेब दिवसाला पूर्ण उन्हाचे ४ तास एवढाच करा. ३६० वॉट × ४ तास, त्यातून धूळ, तारा आणि चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा) यांच्यासाठी पाव भाग वजा केला की १०८० वॉट-तास. साडेसातशेची गरज भागून थोडं उरतं. एकच १८० घेतलं तर भागणार नाही. दोन छोटी पुरतात.

५४० च्या मोहात पडू नका. हे पॅनेल सुमारे २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोंच्या आसपास असतं. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. त्याचं उघडं व्होल्टेज, म्हणजे तार कशालाच जोडलेली नसताना मिळणारं, ४९-५० व्होल्ट असतं. हा आकडा २५ अंश तापमानाचा. पॅनेल गार पडलं की व्होल्टेज वाढतं, दर अंशाला साधारण पाव टक्क्याहून थोडं जास्त. निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास गेला की तेच पॅनेल ५२ व्होल्ट दाखवेल. बाजारातले बरेच स्वस्त चार्ज कंट्रोलर ५० व्होल्टपर्यंतच सोसतात. उन्हाळ्यात सहा महिने झकास चाललेला कंट्रोलर गारठलेल्या सकाळी पहिल्या उन्हाला जळतो आणि लोक वायरमनला दोष देतात.

पत्राकाम सातपूर, १३ एप्रिल

तारायंत्र ताईंनी वजन सांगितलं, मी वाऱ्याचं सांगतो. २८ किलो टप सहज पेलतो. प्रश्न वारा वर उचलतो त्याचा आहे.

एक चौरस मीटरची फळी वाऱ्यासमोर उभी धरली तर ताशी १०० किलोमीटरला तिच्यावर ४५ किलोंच्या आसपास दाब येतो. ८० ला २९-३० किलो, ५० ला अकराच. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पॅनेल आडवं असतं म्हणून नेहमी एवढा जोर येत नाही, पण पुढची कड जरा वर राहिली आणि हवा खाली शिरली, की ते पतंगासारखं वागतं. ५४० वाल्याचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर आहे. समृद्धीवर गाडी पळवली, वर समोरून ट्रकचा झोत आला, तर त्या चार पायांवर काय येईल याचा विचार करा. दोन छोटी वेगवेगळी लावली तर प्रत्येकाला स्वतःचे पाय मिळतात.

गोदाकाठ, एक सांगा. गाडी पुन्हा रंगवलेली आहे का? यावरच पुढचं सगळं ठरणार.

गोदाकाठ, १४ एप्रिल

दादा, घेतानाच रंगवलेली होती. आधीच्या मालकानं रंगवून विकली.

पत्राकाम सातपूर, १४ एप्रिल

मग लोहचुंबक घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा आणि टपावर वीतभर अंतरानं फिरवत जा. जिथे पकड ढिली लागेल तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. चुंबक आतून अस्तरावर फिरवून टपाला आधार देणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या कुठे आहेत त्याही शोधा. खडूनं खुणा करा, फोटो टाका.

तारायंत्र, १४ एप्रिल

दादांशी थोडा वाद घालते. चिकटवणं म्हणजे जुगाड नव्हे. युरोपात कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांवरही पॉलियुरेथेनच्या गोंदानं कोपऱ्याचे पाय चिकटवतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. सिलिकॉन वेगळं. ते भार घेण्यासाठी नसतं, आणि एकदा लागलं की त्या जागेवर पुढे ना रंग धरत ना दुसरा गोंद. पृष्ठभाग खरवडून, तेलकटपणा काढून, प्रायमर लावून नीट काम केलं तर एकही भोक न पाडता पॅनेल बसतं. कसाराउतारांनी ज्या गंजाचं लिहिलंय त्याची भीतीच राहत नाही.

पत्राकाम सातपूर, १४ एप्रिल

ताई, गोंदाबद्दल तुमचं बरोबर आहे. नव्या गाडीवर मीही चिकटवून दिलंय. पण गोंद रंगाला धरतो, रंग लांबीला आणि लांबी पत्र्याला. या साखळीतली सर्वांत कच्ची कडी तुटते. लांबीवर चिकटवलेला पाय गोंदासकट, रंगासकट, लांबीचा खपला घेऊन निघताना मी पाहिलाय. गोंदाला काहीच झालेलं नव्हतं. पत्रा उघडा करून त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग गोंद असं करता येतं, पण मग भोक टाळून तुम्ही वाचवलेलं रंगकाम तसंही गेलंच.

गोदाकाठ, १६ एप्रिल

काल सकाळी ऊन चढायच्या आत टपावर चढलो. पुढच्या भागात, डावीकडे, जवळजवळ दीड हात लांबीच लांबी. चुंबक घसरून खाली आलं. मागचा अर्धा टप चांगला आहे. आतून पाच आडव्या पट्ट्या सापडल्या.

म्हणजे चिकटवलं असतं तर पुढचे दोन पाय लांबीवर आले असते. बाहेरून तो भाग आरशासारखा चकचकीत दिसतो.

पत्राकाम सातपूर, १६ एप्रिल

बरं झालं चढलात. आता मी कसं करतो ते सविस्तर सांगतो, तुमच्या कारागिराला दाखवा.

दोन पट्ट्यांच्या मधल्या पत्र्यात भोक पाडायचं नाही. तो पातळ असतो, डब्याच्या झाकणासारखा खालीवर होतो, आणि तो हलला की सील फाटतं. पाय पट्टीवरच येऊ द्या. जिथे येतच नाही तिथे अस्तर उतरवून आतून ३ मिलिमीटरची तळहाताएवढी पाटी द्या, म्हणजे ओढ मोठ्या जागेवर पसरते. बोल्ट ८ मिलिमीटरचे, स्टेनलेस ३०४, नायलॉनवाल्या नटांसह.

भोक पाडल्यावर सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवा जिथे लोक सगळ्यात कमी घालवतात. कडेचा बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धारदार कोर, काढा, उघड्या पडलेल्या लोखंडाला झिंकचा प्रायमर लावा आणि तो पूर्ण वाळू द्या. गंज या कडेवरून सुरू होतो. पाणी आत येण्याच्या कितीतरी आधी तो रंगाखाली पसरलेला असतो. ड्रिलचा बारीक कीस टपावर राहिला तर पहिल्या पावसात त्याचेही तांबडे ठिपके पडतात, म्हणून झाडू न मारता चुंबकानं आणि ओल्या फडक्यानं उचला.

पायाखाली ब्युटाइलची टेप, भोकात आणि बोल्टच्या मानेला पॉलियुरेथेन सीलंट. आधी हातानं आवळा, सीलंट कडेनं बाहेर येऊ द्या, मग दुसऱ्या दिवशी पान्हा लावा. सुरुवातीलाच करकचून आवळलं तर सगळं सीलंट पिळून निघतं आणि मधे काहीच उरत नाही. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पिकतं, दिवसाला तीनेक मिलिमीटर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याहून हळू. आठवडाभर गाडी जोरात पळवू नका.

पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची, टप लोखंडाचा. दोन्ही धातू ओले राहून एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं, म्हणून मधे रबर किंवा नायलॉनची चकती हवीच. पॅनेल आणि टप यांच्यात चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, आणि पुढच्या कडेला वारा वर वळवणारी तिरपी पट्टी लावा. शेवटी प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून रंगाची एक आडवी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय.

मळा पिंपळगाव, १७ एप्रिल

मी द्राक्षवाला माणूस, माझ्याकडं विहिरीवर सोलर पंप आहे, त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

सावलीचं लोक हलक्यात घेतात. ठिबकची नळी एका जागी दुमडली तर पुढच्या सगळ्या झाडांना पाणी जात नाही ना, तसंच पॅनेलच्या आत आहे. एका कोपऱ्यावर टपावरच्या पंख्याची सावली पडली तर तेवढ्या कोपऱ्याचंच नुकसान होत नाही, एक अख्खा पट्टा बंद पडतो. गाडीला गारवा मिळावा म्हणून आंब्याखाली लावली की चार्जिंग गेलं समजा.

पॅनेल धुवायचं ते सकाळी, गार असताना. दुपारी तापलेल्या काचेवर विहिरीचं गार पाणी मारू नका. आणि बागेशेजारी मुक्काम करणार असाल तर फवारणी कधी आहे ते विचारा. बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे) डाग काचेवर वाळले की नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. माझ्या पॅनेलवर चुन्याची पांढुरकी झाक बसली होती, ती मऊ फडक्यानं घासून काढायला दोन दिवस लागले.

गारपिटीचं मनात असेल तर चांगल्या पॅनेलची काच २५ मिलिमीटरच्या गोळ्यांनी तपासलेली असते, आयईसी ६१२१५ असं कागदावर बघून घ्या. आमच्याकडं त्याहून मोठ्या गाराही पडलेल्या आहेत, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं तर गाडी छपराखाली घ्या.

आईंच्या औषधासाठी करताय हे वाचून बरं वाटलं. येऊन माझ्या मळ्यात दोन रात्री गाडी लावून बघा, सगळं नीट चालतंय का ते घराजवळच कळेल.

कसाराउतार, १७ एप्रिल

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि कंपनीच्या मूळ रचनेला सोडून केलेल्या बदलांबाबत सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये कडक निकाल दिलाय. पेठ रोडच्या आरटीओत कामाआधी विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. काम झाल्यावर गाडीची एकूण उंची टेपनं मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. वाहनतळाच्या आडव्या दांड्याला पॅनेल लागलेलं मी पाहिलंय.

गोदाकाठ, १८ एप्रिल

आरटीओचं काम नोंदणीच्या वेळीच सुरू केलंय, सोलरचा उल्लेखही त्यातच घालतो. आणि काका, मळ्यात नक्की येतो.

तारायंत्र ताई, जोडणीचं थोडं सांगाल का? दोन्ही १८० ची नक्की झाली. बॅटरी १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट घेतोय.

तारायंत्र, १८ एप्रिल

बॅटरी योग्य निवडलीत. १२.८ व्होल्टनं तिच्यात १२८० वॉट-तास मावतात आणि त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात, म्हणजे एक अख्खा ढगाळ दिवस निघेल. कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार लिथियम फॉस्फेटच निवडा. लेड-ॲसिडसाठीचं इक्वलायझेशन, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजनं भरणं, या बॅटरीला चालत नाही. गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून चार्ज करायचं असेल तर मधे डीसी-डीसी चार्जर घाला, थेट तार जोडू नका.

पॅनेलं एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडा, टपावरचा पंखा मागे सरकवून सावली टाळता येत असेल तर. व्होल्टेज दुप्पट होतं, प्रवाह साडेनऊ अँपिअरच्या आसपास राहतो आणि तारेतलं नुकसान घटतं. दोन्हींचं उघडं व्होल्टेज मिळून ४५, थंडीत ४७-४८. म्हणून कंट्रोलर एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार), १०० व्होल्ट आणि ३० अँपिअरचा घ्या. छतावरून खाली ६ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, आणि कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत किमान १० ची, जितकी आखूड तितकी बरी, कारण तिथे २८ अँपिअरपर्यंत जाणार. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज. घरातली साधी एमसीबी तिथे लावू नका. डीसीची ठिणगी सहज विझत नाही, डीसीचीच घ्या.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. एमसी-४ ची, म्हणजे सोलर केबलच्या जोडांची, नर-मादी टोकं एकाच कंपनीची वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांची एकमेकांत बसतात, पण आत पकड सैल राहून ती तापतात. केबल आत शिरते तिथे ग्लँड (पाणी अडवणारं बूच) लावा आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून गळून जाईल.

दादांशी वाद घातला खरा, पण तुमच्या टपाला बोल्टच योग्य. लांबीचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

गोदाकाठ, ११ मे

झालं. सातपूरला एका शेडमध्ये चार दिवस. आठही पाय पट्ट्यांवर, लांबीचा भाग पूर्ण सोडून. त्यासाठी पॅनेलं मागे सरकवावी लागली आणि पंख्याची खिडकी पुढे घेतली. दुपारी साडेतीननंतर तिची सावली एका कडेला येते, तेवढं मान्य केलं. कारागिराला सुरुवातीला प्रायमर वाळेपर्यंत थांबायचा कंटाळा होता. आईच्या औषधाचं सांगितलं, मग त्यानं स्वतःहून प्रत्येक कड दोनदा केली.

भर दुपारी ३६० पैकी २८५ वॉट दिसतात. आधी वाईट वाटलं, मग पॅनेलच्या मागे तापमापक लावला: ६४ अंश.

तारायंत्र, ११ मे

अगदी बरोबर आकडा आहे. पॅनेलवरचे वॉट २५ अंशांचे असतात, पुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के कमी होत जातात. ३९ अंशांचे साडेतेरा टक्के गेले, उरलेलं तारा, धूळ आणि कंट्रोलरनं घेतलं. खाली मोकळी जागा सोडली नसती तर आणखी कमी दिसलं असतं.

गोदाकाठ, २७ जुलै

पावसाळ्याची बातमी. मुद्दाम इगतपुरीला तीन दिवस गाडी उभी केली. अस्तराचे दोन तुकडे काढूनच ठेवले होते, दर चार तासांनी टॉर्च घेऊन प्रत्येक बोल्टला बोट लावून पाहिलं. कोरडे. आत टिश्यू कागद चिकटवले होते, तेही कोरडे.

वीज मात्र फारच कमी. एका दिवशी फक्त २१० वॉट-तास. तिसऱ्या सकाळी बॅटरी १९ टक्क्यांवर आली, तेव्हा इंजिन तासभर चालवून डीसी-डीसीवरून भरली. त्या रात्री बाबा स्वतःहून म्हणाले, "पावसात निघायचं नाही हे आपलं ठरलंय ना?"

मळा पिंपळगाव, २७ जुलै

आमचा पंपही सध्या झोपलेलाच आहे. पण आता विहीर भरलीय, त्याचं काम नाही. निघायच्या आधी मळ्यावर या.

गोदाकाठ, ३ डिसेंबर

अमरकंटकहून लिहितोय. ओंकारेश्वरहून निघून आज तेविसावा दिवस, मैया उजव्या हाताला. काकांच्या मळ्यात दोन रात्री काढल्या तेव्हाच कळलं होतं की फ्रीजचं दार आई पुरतं लावत नाही, त्याला कडी बसवून घेतली. नाहीतर ते इथे कळलं असतं.

आज पहाटे बाहेर ७ अंश. काचेवर दव. ऊन पॅनेलवर आलं आणि चार्जिंग सुरू व्हायच्या क्षणी कंट्रोलरनं ४६.८ व्होल्ट दाखवले, ताईंनी एप्रिलमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या जवळच. बॅटरी ५८ टक्के, फ्रीज ४ अंश.

रोज सकाळी शिडी लावून दव पुसतो आणि आठही बोल्टांच्या रेघा बघतो. सगळ्या सरळ आहेत. खाली आई चहा टाकते, मग फ्रीज उघडून कुप्या मोजते. अकरा उरल्यात, पुरतील.